क्लब कुणाचा? मालकाचा की गावाचा?

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिसच आठवतं. पण तिथल्या फुटबॉल क्लबची गोष्टही ऐकाच. १९८८ मध्ये या क्लबने लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकला होता. २००२ मध्ये मालकांना क्लब सुमारे ९० किलोमीटर दूर, मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली. जन्मभराचे चाहते नुसते चिडून बसले नाहीत. काही आठवड्यांतच त्यांनी ‘एएफसी विम्बल्डन’ हा स्वतःचा क्लब काढला, गावच्या माळावर खुली चाचणी घेऊन खेळाडू निवडले. सुरुवात थेट नवव्या पायरीवरून! २०११ मध्ये फुटबॉल लीग गाठली, २०२० मध्ये प्लाऊ लेनला घरवापसी झाली. चाहता म्हणजे फक्त गिऱ्हाईक नव्हे, हे विम्बल्डनकरांनी असं करून दाखवलं.