होटगी ते मंगळवेढे: भीमेकाठची वाट

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते रेल्वेच्या जंक्शनमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन मिळाली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. माणसे अन्नावाचून मेली, कारण बाहेरचे धान्य आत आणायला पुरेशी वाहनेच नव्हती. दुष्काळी भागात रेल्वे हवी हा विचार त्यातून बळावला आणि सदर्न मराठा रेल्वेने होटगीपासून विजापूरमार्गे गदगपर्यंत १८८४ मध्ये मीटरगेज लोहमार्ग टाकला. मुंबईकडचा रूळ रुंद, गदगकडचा अरुंद. त्यामुळे पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची, म्हणजे हमालांना काम आणि व्यापाऱ्यांना ताप. गदगपर्यंतचा अरुंद रूळ रुंद व्हायला एकविसावे शतक उजाडले.

रुळांच्या कितीतरी आधीपासून या मुलखात माणसांची ये-जा होती ती भीमा आणि सीना या नद्यांच्या काठाने. होटगीहून मोटारीने सकाळी निघाले तर त्या जुन्या वाटेवरची ठळक ठिकाणे दिवसभरात पाहून होतात. पर्यटकांची गर्दी पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरकडे वळते, त्यामुळे ही वाट मोकळी राहते. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यांत रब्बीची ज्वारी. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर ती थंडीत वाढते, म्हणून हा प्रवास पौष-माघात करावा. तेव्हा शेतात हुरडाही मिळतो.

विजापूर रस्त्यावर वडकबाळला सीना ओलांडली की दोन नद्यांमधला पट्टा लागतो. त्याच्या टोकाशी, संगमावर, हत्तरसंग कुडल आहे. संपूर्ण फेरीत सर्वाधिक वेळ द्यावा असे ठिकाण हेच. येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. त्या काळी येथे कल्याणीच्या चालुक्यांचे, जयसिंह दुसरा याचे राज्य होते आणि राजदरबारची भाषा कन्नड होती. तरीही या लेखाचा शेवट मराठीत आहे: जो हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे एक छोटे वाक्य. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी ते उजेडात आणले. मराठीतला सर्वात जुना लेख कोणता, हा वाद त्याने मिटला नाही. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचा काळ काही अभ्यासक शके ९३४ धरतात, तर इतरांना तो बराच नंतरचा वाटतो. कुडलच्या लेखाची जमेची बाजू अशी, की तिथे साल स्पष्ट कोरलेले आहे.

शेजारचे हरिहरेश्वर मंदिर ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खननातून ते मोकळे झाले. तिथे सापडलेल्या बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखे आहेत. मूळ लिंग धरून ती ३६० होतात, असे सांगतात. जवळ जाऊन पाहिले की ओळीने कोरलेले चेहरे एकासारखे एक नाहीत हे ध्यानात येते. इतक्या आडबाजूच्या गावात असे शिल्प पाहून थबकायला होते, पण नदीचा संगम हे त्या काळी आडबाजूचे ठिकाण नव्हते.

तिथून मंद्रूप, कामती करत रस्ता बेगमपूरला येतो आणि भीमेच्या पुलापलीकडे माचणूर लागते. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यानंतर औरंगजेबाला उरलेला शत्रू मराठा होता. १६९५ मध्ये त्याने येथील ब्रह्मपुरीला तळ दिला, गावाचे नाव इस्लामपुरी केले आणि १६९९ पर्यंत साम्राज्याचा कारभार या नदीकाठावरून हाकला. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तो मराठ्यांचे गड जिंकायला सातारच्या दिशेने निघाला. माचणूरचा भुईकोट याच मुक्कामातला. किल्ल्याची नदीकडील बाजू पुरांनी खचली आहे. सिद्धेश्वराच्या जुन्या मंदिराला मात्र रीघ असते, आणि बादशहाबद्दलच्या दंतकथाही गावात ऐकायला मिळतात. त्या इतिहास म्हणून घेऊ नयेत, ऐकायला मात्र झकास आहेत.

मंगळवेढे माचणूरपासून जवळच आहे. बाराव्या शतकात ही कलचुरी बिज्जळाची राजधानी होती. चालुक्यांचा मांडलिक असलेल्या बिज्जळाने पुढे कल्याणीची गादीच बळकावली. बसवेश्वरांची सुरुवातीची चाकरी मंगळवेढ्यात झाली, अशी परंपरा आहे. सोलापूरचे सिद्धरामेश्वर बसवेश्वरांच्याच शरण चळवळीतले. होटगीच्या वीरशैव बृहन्मठाला सोलापूर परिसरात आजही मान आहे, तो याच परंपरेच्या पार्श्वभूमीवर समजतो. वारकऱ्यांना मंगळवेढे संतांचे गाव म्हणून परिचित. दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली करणारे दामाजीपंत आणि कान्होपात्रा येथलेच. चोखामेळा गावकुसाच्या कामावर असता १३३८ मध्ये भिंत कोसळून गेले, अशी नोंद परंपरा देते. वेठीने राबणाऱ्या माणसाचा हा मृत्यू चमत्कारांच्या कथांपेक्षा अधिक सांगून जातो. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली मालदांडी ज्वारी घ्यायची तर बाजारपेठ दिवेलागणीपर्यंत चालू असते, आणि सोलापूरचा परतीचा रस्ता दीडेक तासाचा आहे.