माल बाहेर, कारखाना बंद

मानकोली नाक्यावर तुम्ही उभे आहात. नाशिककडे निघालेला ट्रेलर धूळ उडवत जातो; मागे गोदामांचे पत्रे तापलेत. डोळे मिटा.

उघडलेत की साल १९६५. गोदामं गायब, भातखाचरं आणि खाडीवरचा वारा. पूर्वेला कल्याणची वाट धरा. तिथे ओळीने मांडलेल्या थाळ्या दिसतील: एकूण ३२, प्रत्येकी ६ फुटी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी उभारलेली ही संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण. काम ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकण्याचं. थाळीवर हात ठेवा. इथे येण्याआधी, सिडनीच्या पॉट्स हिलवर असताना, हीच थाळी २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी टिपायची. हायड्रोजनची सही तीच. अणूतला इलेक्ट्रॉन उलटा फिरला की ही लहर सुटते. एकट्या अणूवर हा प्रसंग सरासरी कोटभर वर्षांतून एकदा येतो. पण अणूच इतके, की कुजबुज थांबत नाही.

आता माळशेज चढा आणि २०२० मध्ये उतरा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण: ३० अँटेना, प्रत्येक ४५ मीटरची. इथल्या निरीक्षणांतून त्याच हायड्रोजनचं एक कडं सापडलंय. ते पाहायचं तर २६ कोटी वर्षं मागे, २६ कोटी प्रकाशवर्षं लांब जावं लागेल. निघताना मानकोलीकडे एकदा वळून पाहा: पायाखालचा काळा पाषाण अजून ओतलाच गेलेला नाही, डायनासोरही जन्मायचे आहेत.

पोचलात. समोर एजीसी २०३००१ ही दीर्घिका, नवे तारे घडवणं जवळपास थांबवलेली. लंबगोल आणि भिंगाकार दीर्घिकांचं हेच दुखणं. त्यांना ‘अर्ली टाइप’ म्हणतात, खरं तर त्यातल्या बहुतेक म्हाताऱ्या. बारसं करणाऱ्यांनी घाई केली, दुसरं काय! तारे घडवायचा कच्चा माल म्हणजे हायड्रोजन. इथे तो दाराबाहेर पडलाय, ३,८०,००० प्रकाशवर्षं रुंद कड्यात. आपल्या आकाशगंगेच्या चौपट. तुम्ही त्यातूनच चाललात, तरी डोळ्यांना काही दिसत नाही.

माल बाहेर काढला कुणी? उल्हास खाडीत भरती येते ती चंद्राच्या ओढीने. दीर्घिकाही जवळून जाताना एकमेकींचा वायू तशाच ओढून काढतात. कधी सरळ टक्कर होते आणि वायूचं वलय बाहेर पसरतं. इथे काय झालं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मला टक्कर पटत नाही. तशा वलयात वायू दाबला जाऊन नवे तारे पेटतात. आणि हवाईतल्या दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमांमध्ये या कड्यात ताऱ्यांचा उजेड सापडला नाही.