विलायती हिरवळ आणि खुरपणाऱ्या बाया

परदेशातल्या बंगल्यापुढची मऊ, एकसारखी लॉन आपण टीव्हीवर पाहतो. ही हौस जगभर पसरली ती मुख्यतः इंग्लंडमधून. तिकडे हवा थंड आणि पाऊस वर्षभर थोडाथोडा. तिथलं गवत वसंतात नि शरदात जोमानं वाढतं, कडाक्याच्या थंडीत थांबतं. गवताचा कोंब जमिनीलगत असतो. म्हणून वरून कापलं तरी ते मरत नाही, उलट फुटवे येऊन दाट होतं. पूर्वी मेंढ्याच चरून ते बारीक ठेवत. पुढे बडे लोक वाड्यापुढची जमीन नुसती पाहण्यापुरती राखू लागले. धान्य नाही, चारा नाही. आपल्याला परवडतं हे दाखवायची ती रीत!

राखणं मात्र कष्टाचं. गडीमाणसं लांब दांड्याच्या मोठ्या विळ्यानं पहाटे गवत कापायची, कारण दवानं ओलं असलं की ते नीट कापलं जातं. तण काढायला बाया. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात, सोळाव्या शतकात, आठव्या हेन्री राजाच्या हिशेबात बागेतल्या खुरपणाऱ्या बायांची मजुरी लिहिलेली आहे. गड्यांपेक्षा कमी. बायांचं काम ‘हलकं’, हा हिशेब आपल्याही ओळखीचा. हिरवळीतलं डँडेलियन हे तण गाजरासारखं खोल मूळ धरतं, तुकडा राहिला तर पुन्हा फुटतं. गुडघ्यावर बसून ते उपसणं किती हलकं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

१८३० साली एडविन बडिंग या कारागिरानं गवत कापायचं यंत्र काढलं. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं. गावाकडच्या सभ्य गृहस्थांना हे यंत्र चालवून करमणूक नि व्यायाम दोन्ही होईल, असं त्यानं पेटंटच्या कागदात नमूद केलं. खुरपणारीला व्यायाम आधीच भरपूर होता!

यंत्र वरची पाती कापतं, तणाचं मूळ जागेवरच राहतं. त्यामुळे विळेवाल्यांचं काम कमी झालं तरी खुरपणाऱ्या बाया लागतच होत्या. १९४०च्या दशकात टू-फोर-डी नावाचं औषध आलं. ते रुंद पानाचं तण मारतं, गवत राखतं. ऊसही गवताच्याच जातीचा, म्हणून आपल्याकडे उसातही तेच फवारतात. आणि ज्या रानात पंप फिरतो, तिथला खुरपणीचा रोज बुडतो.