१५-१४ : एक सामना, दोन संघ आणि मैदानात नसलेला तिसरा

आजची गोष्ट ६ डिसेंबर १९६९ची, अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या फेएटव्हिल गावची. टेक्सास आणि आर्कान्सा, या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना. फुटबॉल म्हणजे आपला नाही हं, अमेरिकन. चेंडू हातात घेऊन धावायचा, हेल्मेट घालून धडका द्यायच्या, तो.

टेक्सास पहिल्या क्रमांकावर, आर्कान्सा दुसऱ्या; दोघंही तोवर अपराजित. सामना खरं तर ऑक्टोबरमध्ये व्हायचा, पण एबीसी वाहिनीने तो हंगामाच्या शेवटी न्यायला लावला. आणि प्रेक्षकांत कोण? खुद्द राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन!

निक्सन यांना या खेळाचं वेड होतं, हे खरंच. कॉलेजात असताना ते संघात होते, पण बहुतेक वेळ बाकावर बसून. पण नुसतं वेड म्हणून ते आले असतील का? वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीत आर्कान्सा जॉर्ज वॉलेस यांच्याकडे गेलं होतं आणि टेक्सास ह्युबर्ट हम्फ्री यांच्याकडे. दोन्ही राज्यं निक्सन हरले होते आणि दक्षिणेतली गोरी मतं त्यांना हवी होती. त्या दिवशी मैदानावरच्या दोन्ही संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

त्याच स्टेडियममध्ये सिनेटर फुलब्राइटही होते. व्हिएतनाम युद्धावरून निक्सन यांना धारेवर धरणारे, आणि तरुणपणी याच आर्कान्साकडून खेळलेले. म्हणजे एक सामना मैदानात आणि दुसरा प्रेक्षकांत!

खेळ मात्र अस्सल झाला. तीन सत्रं संपली तेव्हा आर्कान्सा १४-० ने पुढे. चौथं सत्र सुरू होताच टेक्सासचा क्वार्टरबॅक जेम्स स्ट्रीट ४२ यार्ड धावत गेला. वर दोन जादा गुणही मिळाले. १४-८. मग अगदी शेवटाकडे, चौथा म्हणजे अखेरचा प्रयत्न, ३ यार्ड हवेत. सगळ्यांना वाटलं, हा धावणार. त्याने ४४ यार्ड लांब पास फेकला आणि तो झेललाही गेला! टेक्सास १५, आर्कान्सा १४.

इथवर तक्रारीला जागा नाही. दोघं भिडले, एक जिंकला. पण निक्सन टेक्सासच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांनी संघाला देशातला पहिला क्रमांक म्हणून मानाची पाटी दिली.

आता गोम इथे आहे. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये अंतिम सामना नसायचा. विजेता ठरायचा तो पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांवर. आणि ते मतदान बाकी असतानाच देशाच्या प्रमुखाने कौल सांगून टाकला! तिकडे पेन स्टेटचा संघही अपराजित होता, सलग दुसऱ्या हंगामात. त्यांच्याकडे लिडेल मिचेल आणि फ्रँको हॅरिससारखे कृष्णवर्णीय खेळाडू होते. पेनसिल्व्हेनियात संताप उसळला. व्हाइट हाउसने समजूत घालायला त्यांनाही सलग अपराजित राहिल्याबद्दल पाटी देऊ केली. प्रशिक्षक जो पॅटर्नो यांनी ती नाकारली. १ जानेवारीला दोन्ही संघ आपापले सामने जिंकले. मतांत टेक्सास पहिला, पेन स्टेट दुसरा. दोघं एकमेकांशी भिडलेच नाहीत.

राजकीय किंमत? शून्य. १९७२ मध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. टेक्सास, आर्कान्सा आणि दुखावलेलं पेनसिल्व्हेनियासुद्धा.

प्रतिस्पर्ध्याला मैदानात हरवणं वेगळं आणि त्याला मैदानात उतरू न देताच निकाल जाहीर करणं वेगळं. पहिल्यात हरणारा निदान मान खाली घालून घरी जातो. दुसऱ्यात तो विसरत नाही. १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरण तापलेलं असताना पॅटर्नो पेन स्टेटच्या पदवीदान समारंभात बोलले. त्यांचा प्रश्न साधारण असा होता : १९६९ मध्ये ज्या माणसाला कॉलेज फुटबॉलचं एवढं कळत होतं, त्याला १९७३ मध्ये वॉटरगेटबद्दल इतकं कमी कसं माहीत?

भेटूया पुढच्या भागात.