आधी बोर्डिंग, मग कॉलेज

जुलैतला एक शनिवार. आम्ही चार मित्र नेहमीप्रमाणे 'पाऊस बघायला' नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे जव्हारला निघालो होतो. मोखाड्यात गाडी रुसली (क्लच प्लेट, दुसरं काय!). ती तिथल्याच एका मेकॅनिकच्या हवाली केली आणि पुढचे पंचवीसेक किलोमीटर एसटीने केले.

शेजारच्या सीटवर एक मुलगा. मांडीवर सॅक, पायाशी पत्र्याची पेटी. जव्हारच्या कॉलेजात एफवायला प्रवेश घेतला होता. मी उगाच मोठेपणा दाखवत विचारलं, "मग काय, रमलास का कॉलेजात?"

तो म्हणाला, "कॉलेज चांगलंय सर. होस्टेलची यादी लागायचीये अजून. तोवर मामाकडे राहतोय. यादीत नाव आलं की रमेन."

म्हणजे नाव यायच्या आधीच पठ्ठ्या पेटी घेऊन निघाला होता.

आता आमचं 'रमणं' आठवा. फर्स्ट इयरला पुण्यात आलो तेव्हा आमचे प्रश्न काय होते? इंग्रजी येत नाही, मेसची आमटी पातळ असते, रूममेट घोरतो. रविवारी घरी फोन करताना आवाज जड व्हायचा हे खरं. पण खाट होती, ताट होतं, आणि दोन्हीचे पैसे बाबांनी आधीच भरलेले होते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या डिपेन्डन्सीज आधीच इन्स्टॉल झालेल्या होत्या. प्रोग्राम चालला तो आपल्या हुशारीमुळे, असं मात्र आम्ही पुढे वीस वर्षं समजत राहिलो.

जव्हार-मोखाड्यात ही डिपेन्डन्सी उघडी दिसते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी वस्ती. गावं म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. नाचणी-वरी आणि भात पावसावर येतो, आणि दिवाळीनंतर कितीतरी घरं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातच पूर्ण झालं, पण इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर यावा लागतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू देशभर गाजले. अशा ठिकाणी मुलगा कॉलेजला जातो म्हणजे काय? रोज पाड्यावरून येणं-जाणं पावसाळ्यात जमत नाही, खोली परवडत नाही, आणि घरचे स्वतःच अर्धं वर्ष घरी नसतात.

याच जिल्ह्यात (तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला) ताराबाई मोडकांनी हा प्रश्न लहान मुलांपुरता सोडवून दाखवला होता. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडला नेलं. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं!

पण कॉलेज काही कुरणात नेता येत नाही. लायब्ररी, लॅब, प्राध्यापक हे सगळं एका जागी लागतं. मग दुसरा उपाय उरतो, मुलाचं घर कॉलेजपाशी आणायचं. त्यालाच आपण बोर्डिंग म्हणतो, आणि महाराष्ट्रात त्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

सुरुवात कोल्हापूरला. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्या जातींचं एकच वसतिगृह काढून पाहिलं. दार सर्वांना उघडं होतं, पण आत राहिली ती बहुतेक ब्राह्मण मुलं, कारण कॉलेजपर्यंत पोचलेले तेच होते. महाराजांनी धडा घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची वसतिगृहं. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे.

आणि इथेच गोष्टीला वळण मिळतं. जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत होता. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ करून शुद्ध हो, मगच जेवायला बस. भाऊराव अडून बसले आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. डोक्यावरचं छप्पर एका जेवणावरून जातं म्हणजे काय होतं, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१९१९ मध्ये त्यांनी कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला जेवायची. धान्यासाठी भाऊराव गावोगाव फिरायचे, घरटी मूठभर धान्याचा मुष्टिफंड जमवायचे. कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं.

आता तारखा बघा. बोर्डिंग १९२४ चं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं. मधे तब्बल तेवीस वर्षं! हा माणूस आधी खाट आणि ताट देत होता आणि कॉलेज नंतर बांधत होता. आपण आज बरोब्बर उलटं करतो. इमारत आधी, उद्घाटन आधी, आणि पोरं राहणार कुठे हा प्रश्न जुलैत, यादी लागताना.

गंमत म्हणजे ही गोष्ट थेट जव्हार-मोखाड्यात येऊन पोचते. मोखाड्याचं कॉलेज याच रयत शिक्षण संस्थेचं आहे. जव्हारचं कॉलेज गोखले एज्युकेशन सोसायटीचं, म्हणजे जी १९१८ मध्ये स्थापन झाली आणि जिने १९२४ मध्ये नाशिकचं एचपीटी कॉलेज काढलं, ती. दोन जुन्या शिक्षणसंस्थांची टोकं या दोन शेजारच्या तालुक्यांत येतात.

बोर्डिंगचं काम आता बऱ्याच अंशी सरकारकडे आहे. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. ज्यांना त्यांत जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून 'स्वयम्' योजना आली. तिची सुरुवातीची रक्कम मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये होती. २०१८ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं गेलं. शहरांतल्या वसतिगृहांच्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात टाकायचं ठरलं. जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी याच्या विरोधात पुण्याहून नाशिकला, आदिवासी आयुक्तालयाकडे, पायी निघाले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: पैसे उशिरा आले तर त्या दिवशी जेवायचं काय?

मला आधी हे कळलं नव्हतं. रोख पैसे म्हणजे स्वातंत्र्य, ठेकेदाराचं करपलेलं जेवण खाण्यापेक्षा बरंच की! आणि या युक्तिवादात तथ्य आहेच, मेसचे ठेके काही देवळातला प्रसाद नव्हेत. पण बोर्डिंग मुलाला तीन गोष्टी देतं: जेवण, जागा आणि सोबत. पैसे वेळेवर आले तर पहिल्या दोन विकत मिळतात. तिसरी मिळत नाही. फॉर्म कुठला भरायचा, एटीकेटी म्हणजे काय, कोणत्या सरांना न घाबरता शंका विचारायची, हे शेजारच्या खाटेवरचा सीनियर सांगतो. ज्याच्या घरात कॉलेजात गेलेला तो पहिलाच आहे, त्याच्यासाठी तो सीनियर म्हणजे अर्धं कॉलेज असतं. साताऱ्याच्या एका पंगतीत बसणाऱ्या मुलांना हेच मिळालं होतं.

असो. जव्हारला उतरताना मी त्या मुलाच्या पेटीला हात लावला. चांगलीच जड होती. म्हटलं, "काय भरलंयस एवढं?" तो हसला. "तांदूळ आहेत सर. यादीत नाव नाही आलं तर मामाकडे किती दिवस नुसतं जेवायचं?"

जव्हारला गेलात तर जयविलास राजवाडा बघा, दाभोसा धबधबा बघा. आणि जून-जुलैत गेलात तर एसटी स्टँडवर जरा थांबून पेट्या घेऊन उतरणारी पोरंही बघा. जमलं तर एखाद्याला विचारा, यादी लागली का म्हणून.