रुमाल

फारसीत 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. इतक्या साध्या व्युत्पत्तीचा हा शब्द मराठीत केवळ खिशात राहिला नाही, तर गृहस्थाच्या मस्तकावर चढला आणि दफ्तरखान्यातही त्याने आपले ठाणे मांडले. मोडी कागदांची पुडकी चौकोनी कापडावर रचावयाची, त्याची समोरासमोरची टोके एकावर एक आणून घट्ट गाठ मारावयाची, अशी तेथील रीत. आणि त्या बासनालाच पुढे रुमाल ही संज्ञा प्राप्त झाली. ज्याला बांधावयाचे तो 'ग्रंथ'ही गाठीच्याच धातूतून आलेला, आणि 'दफ्तर' तर थेट ग्रीकांच्या 'दिफ्थेरा'पर्यंत, म्हणजे चक्क कातड्यापर्यंत पोहोचते! अशा कुळांमध्ये चेहरा पुसणारे हे फडके मला तरी मुळीच उपरे वाटत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील असे असंख्य रुमाल उलगडूनच रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. आणि इतिहाससंशोधक आजही तेथील कागदाचा हवाला देताना रुमालाचाच क्रमांक नोंदवितात.