फँटसी प्रीमियर लीगचा २०२२-२३ चा हंगाम

फँटसी प्रीमियर लीगचा २०२२-२३ चा हंगाम हा इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेवर आधारलेल्या अधिकृत कल्पनासंघ खेळाचा एक हंगाम होता. तो ५ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू होऊन २८ मे २०२३ रोजी संपला. या काळात १ कोटी १० लाखांहून अधिक संघ नोंदवले गेले. मँचेस्टर सिटीचा नॉर्वेजियन आघाडीपटू एर्लिंग हालांड याचा इंग्लंडमधील हा पहिलाच हंगाम होता. त्याने लीगमध्ये ३६ गोल केले आणि फँटसी खेळात सर्वाधिक २७२ गुण मिळवले. कतारमधील विश्वचषकासाठी हंगामाच्या मध्यावर घेतलेली सुट्टी आणि राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या निधनामुळे पुढे ढकललेले सामने, यांमुळे हंगामाचे वेळापत्रक नेहमीपेक्षा बरेच विस्कळीत राहिले.

पार्श्वभूमी

प्रत्यक्ष सामन्यांतील कामगिरीवरून काल्पनिक संघांना गुण देण्याची कल्पना अमेरिकेत १९६० च्या दशकात अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात रूढ झाली. ब्रिटनमध्ये अँड्र्यू वेनस्टीन यांनी १९९१ मध्ये फुटबॉलसाठी असा खेळ सुरू केला आणि वृत्तपत्रांमुळे तो घरोघरी पोहोचला. प्रीमियर लीगचा स्वतःचा, विनामूल्य खेळ २००२-०३ पासून चालू आहे.

खेळणाऱ्याला ‘व्यवस्थापक’ म्हणतात. १० कोटी पौंडांच्या काल्पनिक रकमेत त्याने २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मध्यपटू आणि ३ आघाडीपटू असे १५ खेळाडू घ्यायचे असतात. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त खेळाडू घेता येत नाहीत. खेळाडूंच्या किमती दशलक्ष पौंडांत सांगतात. पुढील मजकुरातील किमतीही त्याच एककात आहेत. सामन्यांच्या प्रत्येक फेरीला ‘गेमवीक’ म्हणतात आणि पूर्ण हंगामात असे ३८ गेमवीक असतात. या हंगामातील नियमानुसार दर गेमवीकला एक बदल मोफत होता, न वापरल्यास तो पुढच्या फेरीसाठी राखता येई, मात्र एका वेळी दोनपेक्षा जास्त बदल साठवता येत नसत. त्याहून जास्त केलेल्या प्रत्येक बदलासाठी ४ गुण वजा होत. कर्णधार म्हणून निवडलेल्या खेळाडूचे गुण दुप्पट धरले जातात. याखेरीज वाइल्डकार्ड, फ्री हिट, बेंच बूस्ट आणि ट्रिपल कॅप्टन या खास सवलती असतात. त्यांपैकी वाइल्डकार्ड हंगामात दोनदा आणि बाकीच्या प्रत्येकी एकदाच वापरता येत होत्या.

गुणपद्धतीतील एक तपशील या हंगामाच्या निकालाशी थेट जोडलेला आहे. त्या हंगामात गोलरक्षक वा बचावपटूच्या गोलाला ६, मध्यपटूच्या गोलाला ५ आणि आघाडीपटूच्या गोलाला ४ गुण मिळत होते. गोलसाहाय्याचे ३ गुण सर्वांना सारखेच असतात. प्रतिस्पर्ध्याने एकही गोल केला नाही, तर मध्यपटूला एक गुण मिळतो, आघाडीपटूला मात्र काहीच मिळत नाही. थोडक्यात, ज्याचे कामच गोल करणे आहे त्याच्या गोलाची किंमत या खेळात सर्वांत कमी असते.

हालांडचे आगमन

हंगामाच्या आरंभी हालांडची किंमत ११.५ होती. टॉटनहॅमच्या हॅरी केनचीही तेवढीच होती, तर लिव्हरपूलचा मोहम्मद सलाह १३ ला सर्वांत महाग होता. जर्मनीतून आलेला नवा आघाडीपटू इंग्लंडमध्ये कितपत रुळेल याविषयी सुरुवातीला शंका घेतली जात होती. ७ ऑगस्ट रोजी वेस्ट हॅमविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि ती शंका बरीचशी मावळली.

चौथा गेमवीक या हंगामाचा पहिला मोठा धडा ठरला. २७ ऑगस्ट रोजी लिव्हरपूलने बोर्नमथला ९-० असे हरवले. सलाह पूर्ण भरात येण्यासाठी याहून सोयीचा सामना कल्पिता येणार नाही. पण त्या नऊ गोलांपैकी एकही त्याचा नव्हता आणि एकाही गोलाला त्याचे साहाय्य नव्हते. त्याच दिवशी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध हालांडने तीन गोल केले. चार दिवसांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध त्याने पुन्हा तीन गोल केले. २ ऑक्टोबर रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या ६-३ अशा विजयात त्याचे तीन गोल आणि दोन साहाय्ये होती. केवळ त्यांचेच १८ गुण झाले आणि कर्णधारपदामुळे ते ३६ होत होते. पहिल्या आठ लीग सामन्यांअखेर त्याच्या नावावर १४ गोल जमा होते.

यानंतर त्याला संघात घेणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले आणि खेळाचे गणितच बदलले. फँटसी लीगमधील क्रमवारी ही इतरांच्या तुलनेत ठरते. समजा, शंभर व्यवस्थापकांपैकी ८० जणांकडे एक खेळाडू आहे आणि त्यांपैकी ५० जणांनी त्याला कर्णधार केले आहे. त्या खेळाडूने १० गुण मिळवले, तर शंभर संघांच्या सरासरीत १३ गुणांची भर पडते. म्हणजे ज्याने त्याला संघात घेतले पण कर्णधार केले नाही, तो १० गुण मिळवूनही तीन गुणांनी मागे पडतो. हालांडबाबत हेच दर आठवड्याला घडत होते. त्याला घेण्यात फारसा फायदा उरला नव्हता, न घेण्यात मात्र मोठी जोखीम होती. खेळाडू निवडण्याचे स्वातंत्र्य हा ज्या खेळाचा गाभा, त्यात एक जागा आणि बहुतेक वेळा कर्णधारपदही सर्वांसाठी आधीच ठरून गेल्यासारखे झाले. खरी स्पर्धा उरलेल्या १४ जागांसाठी होती.

हा नियम तोडणाऱ्यांना अधूनमधून बक्षीसही मिळाले. त्याचे ठळक उदाहरण टॉटनहॅमचा सोन ह्युंग-मिन याचे आहे. आदल्या हंगामात २३ गोल करून सलाहसह गोल्डन बूटचा मानकरी ठरलेला सोन या वेळी १२ या किमतीला होता. पहिल्या सहा सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. हालांडसाठी पैसे उभे करताना अनेकांनी त्यालाच काढून टाकले. १७ सप्टेंबर रोजी लेस्टरविरुद्ध त्याला सुरुवातीच्या अकरांत स्थान नव्हते. राखीव म्हणून मैदानात उतरल्यावर त्याने उत्तरार्धात १३ मिनिटांत तीन गोल केले. हंगामअखेर त्याच्या खात्यात लीगचे १० गोल जमा झाले, म्हणजे त्याला काढणारे अंतिमतः चुकले नव्हते. पण त्या एका आठवड्यात तसे वाटणे शक्य नव्हते.

वेळापत्रकातील खंड

८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ दुसरी यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी लीगने सातव्या गेमवीकचे सर्व सामने पुढे ढकलले. त्यानंतरच्या फेरीतील काही सामनेही झाले नाहीत. पुढे ढकललेले सामने नंतर इतर फेऱ्यांत बसवावे लागतात, तेव्हा एखाद्या क्लबला एकाच गेमवीकमध्ये दोन सामने मिळतात. याला ‘दुहेरी गेमवीक’ म्हणतात, आणि सामना नसलेल्या फेरीला ‘रिक्त गेमवीक’. हंगामाच्या दुसऱ्या भागातील बहुतेक नियोजन यांभोवतीच फिरत राहिले.

मँचेस्टर सिटी विरुद्ध टॉटनहॅम हा सातव्या गेमवीकचा सामना १९ जानेवारी २०२३ रोजी झाला आणि त्यामुळे विसाव्या गेमवीकमध्ये सिटीचे दोन सामने आले. कर्णधाराचे गुण तिप्पट करणारी ‘ट्रिपल कॅप्टन’ ही सवलत हालांडवर वापरण्यास ही संधी योग्य वाटत होती. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याला गोल करता आला नाही. टॉटनहॅमविरुद्ध त्याने एक गोल केला. तीन दिवसांनी, २२ जानेवारी रोजी, एकच सामना असलेल्या पुढच्या गेमवीकमध्ये त्याने वुल्व्ह्जविरुद्ध तीन गोल केले. दोन सामने म्हणजे दुप्पट गुण, हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी एका खेळाडूच्या बाबतीत किती अविश्वसनीय असतो, हे यातून दिसले.

मार्चमधील प्रसंग याच्या उलट जातीचा होता. १४ मार्च रोजी हालांडने चॅम्पियन्स लीगमध्ये आरबी लाइपझिगविरुद्ध पाच गोल केले आणि १८ मार्च रोजी एफए चषकात बर्नलीविरुद्ध तीन. पाच दिवसांतील या आठ गोलांचे फँटसी लीगमध्ये शून्य गुण झाले, कारण हा खेळ केवळ प्रीमियर लीगचे सामने मोजतो. शिवाय चषकाच्या सामन्यामुळे अठ्ठाविसाव्या गेमवीकमधील सिटी विरुद्ध वेस्ट हॅम हा लीग सामना पुढे ढकलला गेला होता. हा सामना ३ मे रोजी चौतिसाव्या गेमवीकमध्ये झाला. त्याच गेमवीकमध्ये ३० एप्रिलला फुलहॅमविरुद्ध हालांडने आपला ३४ वा गोल केला होता. अँडी कोल आणि ॲलन शिअरर यांनी ४२ सामन्यांच्या हंगामांत केलेल्या विक्रमाशी त्याने तेव्हा बरोबरी केली. वेस्ट हॅमविरुद्ध ३५ वा गोल करून त्याने तो विक्रम मोडला.

विश्वचषकाची सुट्टी

२० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ या काळात कतारमध्ये विश्वचषक झाला. १३ नोव्हेंबर रोजी सोळावा गेमवीक संपल्यावर २६ डिसेंबरपर्यंत प्रीमियर लीग बंद होती. या सुट्टीत व्यवस्थापकांना अमर्याद मोफत बदल देण्यात आले, म्हणजे सर्वांना एक जादा वाइल्डकार्डच मिळाले. पूर्वार्धात चुकीची निवड केलेल्यांना सावरण्याची ही संधी होती. उलट, किमती वाढण्यापूर्वी योग्य खेळाडू घेऊन ज्यांनी संघ काळजीपूर्वक बांधला होता, त्यांची आघाडी यामुळे काहीशी पुसली गेली. नॉर्वे विश्वचषकासाठी पात्र ठरला नसल्यामुळे हालांडला मात्र विश्रांती मिळाली. आर्सेनलचा गॅब्रिएल जेझुस हा पूर्वार्धातील अत्यंत लोकप्रिय खेळाडू कतारमध्ये गुडघ्याला दुखापत होऊन मार्चपर्यंत मैदानाबाहेर राहिला. मँचेस्टर युनायटेडचा मार्कस रॅशफर्ड सुट्टीनंतर भरात आला. आरंभी ६.५ ला मिळणाऱ्या या खेळाडूने लीगमध्ये १७ गोल केले.

निर्णायक ठरलेले इतर खेळाडू

हालांड बहुतेकांकडे असल्यामुळे क्रमवारीत वर जाण्याचा मार्ग मध्यम किमतीच्या खेळाडूंतून गेला. हंगामाचा बराच काळ लीगमध्ये अग्रस्थानी राहिलेल्या आर्सेनलचे मध्यपटू यात प्रमुख होते. मार्टिन ओडेगार्ड आरंभी ६.५ ला आणि गॅब्रिएल मार्तिनेली ६ ला मिळत होता. दोघांनीही प्रत्येकी १५ गोल केले. बुकायो साकाने १४ गोल केले. बचावपटूंत न्यूकॅसलचा किरन ट्रिपियर सर्वांत पुढे होता. ५ या आरंभीच्या किमतीत त्याने फ्री किक, कॉर्नर आणि संघाच्या भक्कम बचावाच्या जोरावर गुण मिळवले. न्यूकॅसलने पूर्ण हंगामात केवळ ३३ गोल स्वीकारले होते. गोलरक्षकांत सर्वाधिक गुण ब्रेंटफर्डच्या डेव्हिड रायाचे होते. मोठ्या क्लबांचे महाग गोलरक्षक टाळून, भरपूर फटके अडवावे लागणाऱ्या संघाचा स्वस्त गोलरक्षक घेण्याचे धोरण यामुळे योग्य ठरले.

अंतिम गुणसंख्येत हालांडच्या मागोमाग २६३ गुणांसह हॅरी केन होता. सलाह २३९ गुणांसह तिसरा आला. केनने आठव्या क्रमांकावर राहिलेल्या संघाकडून ३० गोल केले. त्याची आणि हालांडची आरंभीची किंमत सारखीच होती, आणि पूर्ण हंगामातील फरक नऊ गुणांचा. तरीही हालांडऐवजी केन घेणाऱ्या व्यवस्थापकाची तूट नऊ गुणांत मोजता येत नाही. हालांडने आपल्या ३६ पैकी १८ गोल विश्वचषकापूर्वी, केवळ १३ सामन्यांत केले होते. ते मोठ्या गठ्ठ्यांनी आले आणि बहुसंख्य संघांत त्या वेळी तोच कर्णधार होता. केनचे गोल हंगामभर विखुरलेले होते, त्यामुळे त्याला नेमक्या कोणत्या आठवड्यात कर्णधार करावे हे ओळखणे कठीण होते.

विक्रमाचा प्रश्न

लीगमधील गोलांचा विक्रम मोडूनही हालांडला फँटसी लीगचा विक्रम मोडता आला नाही. त्या वेळचा उच्चांक सलाहने २०१७-१८ मध्ये ३२ गोलांसह मिळवलेल्या ३०३ गुणांचा होता. चार गोल कमी करूनही सलाहचे गुण जास्त असण्याचे एक कारण असे, की त्या हंगामात खेळाने त्याला मध्यपटू म्हणून नोंदवले होते. हालांडच्या ३६ गोलांना मध्यपटूच्या दराने प्रत्येकी एक गुण अधिक मिळाला असता, तर त्याची बेरीज ३०८ झाली असती. खेळाडूचे वर्गीकरण हा हंगामापूर्वी घेतलेला कार्यालयीन निर्णय किती परिणाम करतो, हे यावरून लक्षात येते. सलाहने पुढे २०२४-२५ मध्ये ३४४ गुण मिळवून स्वतःचाच उच्चांक मागे टाकला.

भारतातील संदर्भ

गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी संघ निश्चित करावा लागतो. शनिवारी इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सामना असल्यास भारतात ही मुदत उन्हाळी वेळेनुसार दुपारी साडेतीनला आणि हिवाळ्यात साडेचारला संपते. क्लब आपले अकरा खेळाडू त्यानंतर जाहीर करतात, त्यामुळे एखादा खेळाडू राखीव बसणार आहे हे आधी कळत नाही. ५ नोव्हेंबर रोजी दुखापतीतून सावरणारा हालांड फुलहॅमविरुद्ध असाच राखीव होता. तो उत्तरार्धात उतरला आणि ९५ व्या मिनिटाला त्याने पेनल्टीवर गोल केला.

फँटसी खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद भारतात न्यायालयांपर्यंत गेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ड्रीम११ या मुंबईस्थित कंपनीच्या खेळाविषयीच्या याचिकेवर निकाल देताना तो कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने मात्र हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. फँटसी प्रीमियर लीगला प्रवेशशुल्क नाही.

पुढील हंगामावरील परिणाम

२०२३-२४ साठी हालांडची किंमत ११.५ वरून १४ करण्यात आली. ट्रिपियर ५ वरून ६.५ ला आणि ओडेगार्ड ६.५ वरून ८.५ ला गेला. हॅरी केन ऑगस्ट २०२३ मध्ये बायर्न म्युनिककडे गेल्यामुळे खेळातून बाहेर पडला.